शंभरावी बाटली

टीबीचा जंतू मी हजारो वेळा पाहिलाय. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या, जरा वाकलेल्या. दिसला की दिसला, त्यात वाद नाही. सिफिलिसचा जंतू मात्र तीस वर्षांत एकदाही पाहिला नाही. आमच्या साध्या मायक्रोस्कोपमधून तो दिसतच नाही. त्याला आम्ही कार्डावर पकडतो. रक्ताच्या वर सुटलेलं पिवळं पाणी एक थेंब, त्यात काळ्या कणांचं औषध एक थेंब, आणि आठ मिनिटं यंत्रावर गोल गोल फिरवायचं. कण मोकळे राहिले तर रक्त चांगलं. गुठळ्या झाल्या तर आली का पंचाईत. मग दुसरी टेस्ट करून खात्री करायची. मी आयुष्यभर त्या गुठळ्यांवर विश्वास ठेवला, आणि त्यांनी मला कधी फसवलं नाही. या वेळीही फसवलं नव्हतं.

मी प्रभावती. भोसरीच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, राहायला दापोडीत, रिटायर व्हायला एकोणीस महिने राहिलेत. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. घरातले माझ्यापासून गोष्टी लपवतात त्या त्यामुळेच. आणि एक सांगते, म्हणजे मिरवते म्हणा हवं तर: तीस वर्षांत माझ्या हातून एक नळी बदललेली नाही. डॉक्टर आले नि गेले, मशिनं आली नि भंगारात गेली, पण प्रभाताईंनी केलेली टेस्ट परत करायची गरज नाही, हे सगळे म्हणायचे.

आमचे हे भोसरीला फाउंड्रीत होते. संघर्ष, माझा मुलगा, पाच वर्षांचा असताना ह्यांना टीबी झाला. ह्यांच्या बेडक्याची स्लाइड मीच बघितली. औषधं वेळच्या वेळी घेतली, सहा महिन्यांत बरे झाले, पण तेवढ्यात दवाखान्यातल्या कुणीतरी गल्लीत सांगून टाकलं. झालं. ह्यांचा चहाचा कप वेगळा झाला. जिवलग मित्र दारातूनच बोलायला लागले. बरं झाल्याचा कागद घेऊन मी दारोदार फिरले, भांडले, पण एकदा तोंडातून गेलेलं परत आणता येत नाही. हे पुढं हार्ट अटॅकनं गेले, तेव्हासुद्धा बायका म्हणाल्या, त्याला तो आजार होता ना. त्या दिवशी मी ठरवलं की कुणाचाही रिपोर्ट माझ्या तोंडातून बाहेर जाणार नाही. आणि खरंच गेला नाही, या एप्रिलपर्यंत.

चौदा एप्रिलला आमच्या विहारात दर वर्षी रक्तदान शिबिर असतं. बाबासाहेबांची जयंती नुसती डीजे लावून करायची नाही, असं जुन्या मंडळींनी कधीतरी ठरवलं, ते चांगलंच केलं. पण पोरं ती पोरं. त्यांनी त्याचीही स्पर्धा करून टाकली. रुळांपलीकडच्या मंडळानं मागच्या वर्षी नव्व्याण्णव बाटल्या दिल्या आणि आम्ही सत्त्याण्णव. वर्षभर टोमणे खाल्ले आमच्या पोरांनी. रक्त आता पिशवीत घेतात, पण आमच्याकडं अजून बाटलीच म्हणतात. यंदा काही झालं तरी शंभर करायच्याच, असं ठरलं.

सकाळी मी तिथं होते. दुपारी रक्ताची पहिली पेटी घेऊन भोसरीला निघून गेले, त्यामुळं पुढचं मी घरच्या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओत बघितलं. माझ्या भावाचा, अण्णासाहेबांचा, आवाज माइकवर: शंभरावी बाटली देणार आहेत आपले होणारे जावई, सनी. आणि सनी हार घालून उभा, लाजून हसतोय. मागं टाळ्या. मग तो पडद्याआड गेला आणि व्हिडिओ संपला.

सनी भोसरीचा. बाप नाही, आईनं वाढवलेला, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. अण्णांची मिनल पुनावळ्याच्या शाळेत शिकवते. स्थळ अण्णांनीच आणलं होतं, पण पोरीचा जीव इतका जडला की तासन् तास फोन. साखरपुडा अठ्ठावीस तारखेला ठरला होता. मिनल माझ्या अंगाखांद्यावर वाढलीये. मला मुलगी नाही, ती कसर तिनंच भरून काढली.

त्या संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात माझी सून श्रद्धा संघर्षला काहीतरी खडसावत होती. मी आत गेले तशी दोघं गप्प. श्रद्धाला पाचवा महिना लागला होता, मला वाटलं नवरा-बायकोचं काहीतरी असेल. संघर्षनं जयंतीचा निळा शर्ट घातलेला, पूर्ण बाह्यांचा, त्या उकाड्यात. मी म्हटलंसुद्धा, अरे बाह्या तरी दुमड. नको म्हणाला. मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शिबिरातल्या सगळ्या रक्ताच्या टेस्ट लावल्या. कावीळ, एचआयव्ही, मलेरिया, सिफिलिस. आमच्याकडं नळीवर नाव नसतं, नंबर असतो. नव्व्याण्णव कार्डं मोकळी निघाली. शेवटच्या कार्डावर गुठळ्या झाल्या, रव्यासारख्या, स्पष्ट. मी परत लावलं. परत तेच. दुसरी, खात्रीची टेस्ट केली. तीही तशीच. शेवटचा नंबर, म्हणजे शंभरावी बाटली. नंबरावरून नाव काढायचं काम माझं नाही, ते डॉक्टरांचं आणि समुपदेशक विजयश्रीचं. तरी मी रजिस्टर उघडलं. तिथं सनीचं नाव होतं.

खुर्चीत बसून राहिले. पिशवी लाल डब्यात टाकायला पाठवली, अहवाल डॉक्टरांकडं दिला, जेवणाचा डबा तसाच परत घरी नेला.

नियम सरळ आहे. ज्याचं रक्त, त्यालाच बोलवायचं, त्यालाच सांगायचं, औषधाला पाठवायचं. आईला नाही, बायकोला नाही, होणाऱ्या सासऱ्याला तर नाहीच. आणि औषध तरी केवढं? पेनिसिलिनची इंजेक्शनं, कुल्ल्यात. इतका हट्टी जंतू, वर्षानुवर्षं अंगात दबा धरून बसणारा, मेंदूपर्यंत जाणारा, पोटातल्या बाळालाही न सोडणारा, पण वेळेत गाठला तर सुईनं मरतो. सनीनं यायचं, सुई घ्यायची, सहा महिन्यांनी लग्न करायचं. कुणाला कळायचंही नाही.

पण तो येईना. विजयश्रीनं तीन वेळा फोन केला. फोनवर कारण सांगायची परवानगी नाही, ती एवढंच म्हणायची की रक्ताबद्दल थोडं बोलायचंय, येऊन जा. तो म्हणे सेकंड शिफ्ट चालू आहे, ऑडिट आहे, पुढच्या आठवड्यात येतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, टाळतोय. याला माहितीये, म्हणूनच टाळतोय. तोंडावर किती गरीब गाय, आणि धंदे बघा.

साखरपुडा चार दिवसांवर आला. मिनल साडी दाखवायला आली, अबोली रंगाची, माझ्यासमोर पदर धरून उभी राहिली. मी तिच्याकडं बघूच शकेना. सांगावं तर ह्यांचा वेगळा झालेला कप डोळ्यांसमोर येत होता. न सांगावं तर या पोरीला जाणूनबुजून खड्ड्यात ढकलतेय मी. रात्रंदिवस तेच. कुठूनही वाट नव्हती.

शेवटी मी अण्णांकडं गेले. मनाची समजूत घातली होती की आजाराचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे नियम मोडला असं होत नाही. काय अक्कल माझी. बाहेर ओट्यावर बसले होते ते. मी म्हटलं, अण्णा, हे लग्न नको. का ते विचारू नका.

मी कुठं काम करते ते अण्णांना माहीत होतं, आणि दहा दिवसांपूर्वी सनीनं कुठं रक्त दिलं तेही.

"तू स्वतः बघितलंस?" एवढंच विचारलं त्यांनी.

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

संपलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी निरोप धाडला की आमचा विचार बदलला. कारण दिलं नाही. कारण दिलं नाही की लोक आपापलं बनवतात. प्रभानं सांगितलं म्हणे, प्रभा रक्तपेढीत आहे म्हणे. आठ दिवसांत भोसरीपर्यंत गेलं की सनीच्या रक्तात दोष आहे, आणि दोष म्हटल्यावर लोकांना एकच मोठा आजार आठवतो. कंपनीत त्याच्याबरोबर डब्याला बसणारे उठून गेले. त्याच्या आईकडं पापड लाटायला जाणाऱ्या बायका जायच्या बंद झाल्या. हे मला अण्णांच्या घरातूनच कळत होतं. मिनल माझ्याशी बोलत नव्हती. जेवत नव्हती म्हटलं तरी चालेल. मी मनात म्हणायचे, रड आता, जन्मभर रडण्यापेक्षा बरं.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या सोमवारी, सनी रक्तपेढीत आला. खंगलेला. विजयश्रीनं त्याला आत घेतलं. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तो थेट माझ्या टेबलापाशी. भांडण होणार म्हणून मी कंबर कसूनच उभी राहिले.

तो हळू म्हणाला, "आत्या, ते रक्त माझं नाही."

असं सगळेच म्हणतात, हे मी तोंडावर बोलले त्याच्या. तो चिडला नाही. बाही वर केली आणि माझं रक्त आत्ता घ्या म्हणाला. विजयश्रीनं सुई हातात घेतली तसा तो भिंतीकडं तोंड करून बसला, कपाळावर घाम, ओठ पांढरे. दोघींनी धरला म्हणून पडला नाही. कार्ड मीच लावलं. आठ मिनिटं यंत्र फिरत होतं आणि मी त्याच्यासमोर उभी होते. कण मोकळे. दुसरी टेस्ट केली. तीही साफ. ज्याला हा आजार कधी होऊन गेलाय त्याची ती टेस्ट सहसा अशी साफ येत नाही. म्हणजे याच्या अंगात तो जंतू कधी गेलाच नव्हता.

मी खाली बसले.

मग त्यानं सांगितलं. सुई बघितली की त्याला लहानपणापासून चक्कर येते. शिबिराला तो नुसता सरबत वाटायला आला होता. पण अण्णांनी माइकवर नाव घेतलं, गळ्यात हार पडला, सगळी बस्ती बघतेय, मिनल बघतेय. नाही कसं म्हणणार? फॉर्म भरला, सही केली, पडद्याआड गेला आणि कॉटवर बसताच डोळ्यांपुढं अंधारी आली. तिथं जवळ उभ्या असलेल्यानं त्याला बाजूला घेतलं, म्हणाला, घाबरू नको, शंभर तर करायच्याच आहेत, तुझ्या फॉर्मवर मी झोपतो. त्या माणसानं फेब्रुवारीत शिवजयंतीला कंपनीत रक्त दिलं होतं. तीन महिने व्हायच्या आत परत देता येत नाही, स्वतःच्या नावानं दिलं तर आईला कळलं असतं. सुई टोचणारी पोरगी नवी. तिनं नंबर बघितला, तोंड बघितलं नाही. रक्तपेढीचा फोन आला तेव्हा त्याला वाटलं, हे उघडं पडलं, म्हणून तो टाळत राहिला.

आईला, म्हणाला तो. मी विचारलं, कुणाच्या आईला?

त्यानं बाही खाली ओढली. मग म्हणाला, "संघर्षभाऊंनी दिलं. वहिनीला दिवस गेलेत म्हणून सांगतोय, नाहीतर तुम्हालाही सांगितलं नसतं."

निळा शर्ट आठवला, पूर्ण बाह्यांचा.

निघताना तो दारात थांबला. "मी कुणाला बोलणार नाही आत्या. मिनललासुद्धा नाही. एकदा बोललं की काय होतं, ते मला आता माहितीये." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

संध्याकाळी संघर्षला गच्चीवर नेलं. हात उचलला होता मी त्याच्यावर, एकतीस वर्षांच्या घोड्यावर. त्यानं चेहरा पुढं केला, मार म्हणाला. मग माझाच हात खाली आला. फेब्रुवारीच्या शेवटी कंपनीनं त्याला महिनाभर बाहेरगावच्या प्लांटवर पाठवलं होतं. तिथं दोस्तांबरोबर कुठं गेला, काय केलं, ते त्यानं खाली मान घालून सांगितलं. नंतर एक लहानशी जखम झाली होती, दुखत नव्हती, आपोआप बरी झाली, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. हा आजार असाच. दुखत नाही तेव्हाच तो आत शिरत असतो. आणि हा परत येऊन श्रद्धाशेजारी झोपला होता.

श्रद्धाचं रक्त मी फेब्रुवारीतच तपासलं होतं, सरकारी रिपोर्टवर माझं समाधान होत नाही म्हणून. तेव्हा साफ होतं. पण ते हा जायच्या आधीचं. म्हणजे आता ते कागद रद्दीचे. तिला सहावा महिना. टेस्ट तातडीनं व्हायला हवी, सुई मिळाली तर पोटातलं बाळ वाचतं. उशीर झाला तर काय होतं ते मी पुस्तकात वाचलंय आणि वॉर्डात बघितलंय, इथं सांगणार नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन गेले नि इंजेक्शनं दिली. श्रद्धाला तूच सांगायचं, मी म्हटलं, आज. तो रडायला लागला. पौर्णिमा होऊ दे म्हणाला, घरात पाहुणे येतील, गुरुवारी रात्री नक्की सांगतो. तीन दिवस. मी मान्य केलं. दुसऱ्या कुणाच्या मुलानं तीन दिवस मागितले असते तर मी त्याचं बखोट धरून ओढत नेलं असतं.

आणि सनीचं काय? त्याला मोकळं करायचं तर संघर्षचं नाव घ्यायला हवं. संघर्षचं नाव घेतलं की श्रद्धा, तिचं माहेर, पोटातलं पोर, सगळ्यांच्या कपाळावर शिक्का. न घ्यावं तर एक निरपराध पोरगा जन्मभर तसाच फिरणार, आणि ते मी केलेलं. चालताना, भाजी निवडताना, बसमध्ये, मी हेच उलटसुलट करत होते.

बुधवारी अण्णांकडं गेले. म्हटलं, मुलगा चांगला आहे, मी त्याचं रक्त परत बघितलं, काही नाही. अण्णा उठून उभेच राहिले. मिनल आतून आली. महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मग त्या दिवशी बघितलंस ते रक्त कुणाचं होतं आत्या?"

मी तोंड उघडलं. रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही असा नियम आहे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण हा नियम मला आता, स्वतःच्या पोराच्या वेळी आठवतोय, हे मिनलच्या डोळ्यांत बघवेना. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"माझ्या हातून नळी बदलली," मी म्हटलं.

अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. तीस वर्षं तू चुकली नाहीस, म्हणून मी तुला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही प्रभा, असं शेवटी म्हणाले. मिनल रडत रडत आत गेली, सनीला फोन लावायला. त्यानं तिला काय सांगितलं? आत्या म्हणतात ते बरोबर आहे, एवढंच.

अण्णा त्याच दिवशी भोसरीला माफी मागायला गेले. सनीच्या आईनं त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं: ज्या विहारात माइकवर माझ्या पोराला जावई म्हणालात, त्याच विहारात, त्याच माइकवर, जिनं हे केलं तिनं उभं राहून सांगायचं. मग पुढचं बोलू. काय चुकीचं बोलल्या त्या? मी असते तर याहून जास्त बोलले असते.

गुरुवारी संध्याकाळी, पौर्णिमेला, विहार भरला होता. खिरीचं पातेलं मागं ठेवलेलं. सनी आणि त्याची आई उजवीकडं बसले होते. संघर्ष आणि श्रद्धा दुसऱ्या रांगेत, तिला पाय दुमडून बसता येत नव्हतं म्हणून खुर्ची दिलेली. वंदना झाली. त्रिशरण झालं. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझी जीभ अडकली. आजूबाजूचा आवाज मोठा होता, कुणाला कळलं नाही. आणि त्यानंतर पाच मिनिटांत मी माइक हातात घेतला.

मी सांगितलं की सनीच्या रक्तात काहीही दोष नाही, कधीच नव्हता. माझ्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली. मग न विचारता, नियम मोडून, मी बोलले. त्या पोराची नि त्याच्या आईची मी सगळ्यांसमोर माफी मागते. एवढंच. त्यातलं नियम मोडल्याचं खरं होतं, माफीही खरी होती. सनी माझ्याकडं बघत होता. तिथं बसलेल्यांपैकी मी खोटं बोलतेय हे दोघांना माहीत होतं, त्याला आणि माझ्या मुलाला. माझा मुलगा सतरंजीकडं बघत होता.

मी खाली उतरले. सनीच उठला, खुर्ची आणून दिली. त्याच्या आईनं मिनलला जवळ बोलावून शेजारी बसवलं. तेवढं बघून मला वाटलं, चला, निदान एक गाठ सुटली.

मग बायका यायला लागल्या. एकीनं विचारलं, माझ्या सुनेचा कावीळचा रिपोर्ट तुम्हीच केला होता ना? दुसरी म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या वेळीही असंच काही झालं असेल का हो? कुणी रागात नव्हतं, सगळ्यांचे चेहरे घाबरलेले. उद्या हे डॉक्टरांच्या कानावर जाणार, चौकशी लागणार, हे मी धरूनच चालले होते. पण याचा मी विचारच केला नव्हता. प्रत्येकीला मी सांगत होते, या उद्या, परत तपासून देते. तीस वर्षांचं नाव अर्ध्या तासात गेलं.

खीर वाटून झाली. लोक पांगले. आम्ही तिघं चपलांपाशी आलो. अजून गुरुवारची रात्र व्हायची होती, संघर्षकडं अजून वेळ होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून मला कळलं की हा आजही सांगणार नाही. उद्याही नाही. वाकून तो चप्पल शोधत होता, समोर पडलेली असून.

श्रद्धानं माझ्या खांद्यावर हात टेकला, चप्पल घालायला. सावकाश म्हणाली, "आई, फेब्रुवारीत माझं रक्त पण तुम्हीच बघितलं होतं. मग तेही चुकलं असेल का?"

मला खोटं बोलायला आयती वाट होती. हो, चुकलं असेल, उद्या परत बघू, दोघांचंही बघू. टेस्ट झाली असती, सुईही दिली असती काहीतरी सांगून, आणि माझ्या मुलाच्या संसाराला धक्का लागला नसता. शब्द तयार होते. पण तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि दुसरा पोटावर, आणि संध्याकाळपासून मी एक खोटं बोलून दमले होते.

"नाही श्रद्धा," मी म्हटलं. "माझ्या हातून आजवर एकही नळी बदललेली नाही."

ती हसायला गेली, आत्ताच तर माइकवर सांगितलंत म्हणून. मग तिचं हसू थांबलं. जयंतीच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती त्याला का रागावत होती, ते मला आत्ता कळलं. दोन महिने झाले नाहीत तोवर परत रक्त दिलंस, तेही दुसऱ्याच्या नावावर, म्हणून. तिला तेव्हापासून माहीत होतं, कुणाच्या नावावर तेवढं नव्हतं. ती सनीकडं वळून बघत राहिली, तो लांब गेटपाशी मिनलशी बोलत होता. मग तिनं खाली वाकलेल्या संघर्षकडं बघितलं.

माझ्या खांद्यावरचा हात तिनं काढून घेतला. संघर्षच्या उजव्या हाताची बाही धरली, आणि कोपराच्या वर सरकवली. तिथं सुईचं आता काहीच उरलं नव्हतं. तरी तो उभा राहिला, आणि तिनं न विचारताच बोलायला लागला.